साहेबांच्या कोपरापाशी चापडा

आमच्या साहेबांनी ती लेन्स घेतली आणि कँटीनमध्ये दुपारी कोणी सुखाने जेवेनासं झालं. साहेब म्हणजे आमचे प्लँट हेड. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या अंगाला, आमची रंगांची कंपनी आहे. तिथल्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं लाल रंग पुरेसा लाल आहे की नाही ते तपासते. साहेब ताट घेऊन शेजारी बसले की डाव्या हाताने मोबाईल पुढे करायचे.

"हे बघा. वैतरणेच्या खाडीवरचे फ्लेमिंगो."

फोटोत पुष्कळ चिखल असायचा आणि चिखलाच्या शेवटी काही गुलाबी ठिपके. "वा, सर!" आम्ही म्हणायचो. मी जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे, कारण अप्रेझल जवळ आलं होतं.

लेन्स म्हणजे हातभर लांबीची पांढरी नळी. ती ज्या पेटीत निजायची त्या पेटीला आमच्या लॅबमधल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा मऊ गादी होती. साहेबांनी मग कंपनीत फोटोग्राफी क्लब काढला. पाच जण मेंबर झाले. चौघं साहेबांना नाही म्हणता येत नाही म्हणून, आणि मी खरोखरची आवड म्हणून. माझ्याकडे एका ओळखीच्या बाईंनी वापरून कंटाळून दिलेला कॅमेरा होता. मी बोईसरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतल्या कुंड्यांवर जे काही चढेल त्याचे फोटो काढायचे: कोळी, नाकतोडे, एकदा मोगऱ्यावर बसलेली एक प्रचंड चिडकी माशी. त्या माशीचा फोटो बघून साहेब म्हणाले होते, "छान आहे मॅडम. पण हा घरचा प्राणी झाला. वाइल्ड नाही."

हे मी विसरले नव्हते, हे इथेच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात त्याचाही थोडा हात असावा.

पावसाळ्यात वाघांची जंगलं बंद होतात. साहेब बेचैन झाले. शोधता शोधता त्यांना कळलं की चिल्हार फाट्याच्या पलीकडच्या डोंगरांत एका गावातले लोक मिळून पावसाळ्यात बाजूंनी उघड्या जीपमधून सफारी करतात. नशीब असेल तर बिबट्या दिसतो. आणि नशीब नसलं तरी ओढ्याकाठी तिबोटी खंड्या दिसतो. हा खंड्या चिमणीएवढा, पण देवाने डब्यात उरलेले सगळे रंग त्याच्यावरच संपवलेत. जांभळा, नारिंगी, निळा, पिवळा, चोच लालभडक. पावसाळ्यात तो इकडे येतो, ओढ्याच्या मातीच्या भिंतीत बीळ करतो आणि त्यात अंडी घालतो. फोटोग्राफर लोक त्याच्यासाठी वेडे होतात.

जुलैच्या पहिल्या रविवारी जायचं ठरलं. गुरुवारी हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला आणि क्लबातल्या एकाच्या काकांची तब्येत बिघडली. शुक्रवारी दुसऱ्याला ताप आला. तिसऱ्याने निदान खरं सांगितलं, "सर, पावसात कशाला?" चौथ्याने फोनच उचलला नाही. उरलो साहेब आणि मी. साहेब सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, घरून कोणाला तरी आणा. सीट रिकामी आहेच."

घरी नवऱ्याला विचारलं. त्याची रविवारी पहिली पाळी होती आणि ती आहे याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने दोनदा सांगितलं.

"मी येते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

सासूबाई. त्या राहतात पालघरजवळच्या माहीमला, आपल्या वाडीत, आणि एरवी त्यांना तिथून हलवणं कठीण. पण त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरला दाखवणं सोयीचं म्हणून दोन महिने आमच्याकडे होत्या. नव्या डोळ्यांनी त्या दोन महिन्यांत आमच्या घराची पाहणी चालली होती. पंख्याच्या पात्यावरची धूळ, कपाटामागची जळमटं, माझ्या गालावरचा डाग. "हा आदी नव्हता ना गो?" होता आई, पंधरा वर्षं होता. तुम्हालाच दिसत नव्हता.

"आई, तिथे चिखल असेल, जळवा असतील, चालावं लागेल," मी म्हटलं.

"मंग? आमी काय गालिच्यावर वाढलो? मला शेवळा आणायची हायेत. बाजारात सगळी शिळी."

म्हणजे साहेब बिबट्यासाठी, मी खंड्यासाठी आणि सासूबाई भाजीसाठी. अशी आमची मोहीम निघाली.

सकाळी साहेब गाडी घेऊन आले. "आई, तुम्ही पुढे बसा," म्हणाले. मी मागे, लेन्सच्या शेजारी. साहेबांनी आधी लेन्सच्या पेटीला सीट बेल्ट लावला आणि मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीही लावून घ्या." वाटेत साहेबांनी सासूबाईंना शटर स्पीड समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला मुला किती?"

गावात जीप तयार होती. चालक गप्प स्वभावाचा, विडी न पेटवता तोंडात धरून बसणारा. आणि आमची गाईड म्हणजे पन्नाशीची एक बाई, लुगड्यावर खाकी जाकीट, जाकिटावर मागे 'गाईड' असं मोठ्या अक्षरांत, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. डोंगराच्या उतारावर तिचं भाताचं आणि नाचणीचं तुकडाभर शेत. पूर्वी दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची. आता गुडघे दुखतात म्हणून जात नाही, असं तिने विचारण्याआधीच सांगितलं. साहेबांनी हात पुढे केला. तिने त्या हाताकडे जरा बघितलं, मग हातातली काठी दुसऱ्या हातात घेऊन तो हलवला.

जीप सुरू झाली आणि पाच मिनिटांत सासूबाई आणि गाईडबाई यांचं गोत्र जुळलं.

"शेवळा मिलतील का गो?"

"आता संपाला आली. पण माज्या ठिकाणावर असतील. काकडाची आंबट फला पण घ्या बरोबर, नायतर घसा खाजेल."

"ता काय मला सांगतेस? चाळीस वर्षा करते मी."

साहेब दोनदा "श्श" म्हणाले. दोघींनी माना डोलावल्या आणि आवाज आणखी एका पट्टीने वर नेला, कारण पावसात जीपच्या टपावरच्या ताडपत्रीचा ताशा वाजत होता.

तासभर फिरलो. धुकं, साग, पुन्हा धुकं. एक मोर दिसला, भिजून त्याचा झाडू झाला होता. आणि मग साहेबांनी चालकाच्या खांद्यावर थाप मारली. "थांब! थांब! डावीकडे!" झुडपाच्या मागे पिवळसर तपकिरी अंग हललं. साहेब जीपमधून अर्धे बाहेर वाकले. शटर खडखडायला लागलं. मीही कॅमेरा उचलला, खोटं कशाला बोलू. गाईडबाई लुगड्याच्या पदराने नाक पुसत होती. साहेबांनी त्रेचाळीस फोटो काढले आणि त्रेचाळिसाव्याला बिबट्या हंबरला.

"पाड्यावरचा वासरू हाय," गाईडबाई म्हणाली. "त्याला रोज आणायला जावा लागते."

"मग आधी का नाही सांगितलं?" साहेब.

"तुमी खूश होतात."

चालकाने पहिल्यांदाच विडी तोंडातून काढली, पण हसला नाही. साहेबांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी पाहिलं. वासराचे फोटो म्हणून ते उत्तम आले होते.

पुढे जीप थांबली आणि आम्ही ओढ्याकडे चालत उतरलो. ओढ्याच्या या काठावर गावकऱ्यांनी हिरव्या जाळीचा आणि पळसाच्या पानांचा आडोसा केला होता. समोर पाण्यापलीकडे लाल मातीची भिंत, तिच्यात लिंबाएवढं भोक. तेच खंड्याचं घर. आडोशात बसायला चार लाकडी ठोकळे. साहेब डावीकडच्या टोकाला, त्यांच्या शेजारी मी, माझ्यामागे सासूबाई आणि उजव्या टोकाला, येण्याच्या वाटेशी, गाईडबाई. जाळीमध्ये लेन्स घालायला भोकं ठेवली होती. साहेबांच्या नळीसाठी एक भोक मोठं करावं लागलं.

"आता बोलाचा नाय, हालाचा नाय," गाईडबाई म्हणाली.

सासूबाई खरोखर गप्प बसल्या. बोलत होते ते साहेबच, कुजबुजत. आयएसओ किती ठेवावा, प्रकाश कमी असताना काय करावं, आफ्रिकेत लोक कसे दिवसदिवस बसतात. मी "हो सर" म्हणत होते. बावीस वर्षांची सवय.

पाऊण तासाने तो आला. आधी एक बारीक शिट्टी, मग ओढ्यावरून काहीतरी रंगीत फेकल्यासारखं आलं आणि भोकाजवळच्या एका वाळक्या फांदीवर बसलं. चोचीत काहीच नव्हतं. नुसता बसला, मान हलवली, इकडे बघितलं, आणि सुर्रकन बिळात. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. मी फोटो काढायचाच विसरले. साहेबांनी काढले, पण त्यांच्या जागेवरून एक दुसरी बारीक डहाळी मध्ये येत होती. प्रत्येक फोटोत खंड्याच्या तोंडावर एक रेघ.

"ती फांदी तोडायला सांगा," साहेब म्हणाले.

"नाय सायेब."

"अहो एकच तर काडी आहे. मी तोडून येतो."

"त्या काड्यांवर बसूनच तो आदी बघते, मंग आत जाते. जागा बदलली तर तो येयाचा नाय. आत अंडी हायेत."

"मी सगळ्या गाईडना ओळखतो. दुसरीकडे तोडून देतात."

"मंग दुसरीकडे जावा," गाईडबाई म्हणाली. आवाज जराही चढवला नाही. कंपनीत साहेबांशी असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी खाली मान घालून माझ्या बुटांवर चढणारी जळू फार लक्ष देऊन बघितली.

साहेब रुसले. त्यांनी आपला ठोकळा उचलला आणि डहाळी चुकवायला आणखी डावीकडे आणि पुढे, जाळीला लागून, पार आडोशाच्या कडेला, कुड्याच्या झुडपाला टेकवून ठेवला. लेन्स पुन्हा लावली. डोळा लावला. आणि पहिल्यांदाच पूर्ण गप्प बसले.

मी आता त्यांच्या तिरप्या मागे होते. तिथून त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे, राग किती वेळ टिकेल याचा अंदाज घ्यायला. आणि त्यांच्या डाव्या कोपराच्या अलीकडे, वीतभर अंतरावर मला एक पान दिसलं ज्याला डोळा होता.

कुड्याच्या फांदीला दोन वेढे घालून तो बसला होता. हिरवा, पानापेक्षाही हिरवा. त्रिकोणी डोकं फांदीच्या पुढे काढलेलं, डोळा पिवळा, मधली बाहुली उभ्या चिरेसारखी. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेला. चापडा. विषारी, पण माणूस सहसा मरत नाही, हात मात्र भोपळ्यासारखा सुजतो. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

माझा हात कॅमेऱ्याकडे गेला.

आता हे मला नीट सांगायला हवं, कारण त्यानंतर मी हे अनेकांना अनेक प्रकारे सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी त्यात माझी बाजू थोडी उजळ झाली आहे. झालं ते असं. ढग जरा पातळ झाले होते आणि जाळीतून गाळून येणारा उजेड त्या सापावर असा पडला होता की लॅबमध्ये दिवसभर दिवे लावले तरी तसा पडणार नाही. त्याच्या नाकपुडीखाली पाण्याचा एक थेंब लोंबत होता. मागे साहेबांचा गाल, कान, आणि कानातल्या केसांवरही एक थेंब. मी पहिला फोटो काढला. तो जवळजवळ आपोआप निघाला, त्याचं मला विशेष वाटत नाही. दुसरा काढला, कारण पहिल्यात डोळा नीट धरला गेला की नाही याची खात्री नव्हती. आणि तिसऱ्यासाठी मी थांबले. साहेबांनी मान किंचित इकडे वळवावी म्हणजे त्यांचं नाक चौकटीत येईल, म्हणून मी थांबले. चार-पाच सेकंद असतील. त्यांनी वळवली. मी काढला.

मग म्हटलं, "सर, हलू नका. तुमच्या डाव्या हाताजवळ साप आहे."

साहेब हलले. पण ते दचकून मागे सरकले नाहीत. त्यांच्यातला फोटोग्राफर आधी जागा झाला. त्यांनी ती हातभर नळी गर्रकन डावीकडून मागे फिरवली आणि सापावर रोखली. लेन्सचं तोंड आणि सापाचं तोंड यांच्यात फूटभरही अंतर नव्हतं. आणि त्या लेन्सला कमीत कमी पंधरा फूट लागतात, त्याच्या अलीकडचं तिला काही दिसत नाही. आतली मोटर घुर्र घुर्र करत पुढे मागे करायला लागली.

"कुठे आहे? मॅडम, सगळं हिरवं दिसतंय! कुठे आहे?"

"सर, डोळा काढा. नुसत्या डोळ्याने बघा."

त्यांनी डोळा काढला. नुसत्या डोळ्याने बघितलं. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही, मराठीत त्याला अक्षर नाही. ते ठोकळ्यासकट मागे कलंडले, जाळी फाटली आणि साहेब उतारावरून बसल्या बसल्या घसरत ओढ्यात गेले. पाणी कमरेएवढं. पण विसर्जनाला गणपतीचा पाट धरतात तशी त्यांनी लेन्स दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. तिच्यावर थेंब उडाला नाही.

चापड्याने डोकं बोटभर मागे घेतलं. बस. पुन्हा फांदीवर ठेवलं.

गाईडबाई उठली, काठी टेकत शांतपणे ओढ्याशी गेली, साहेबांच्या हातून आधी लेन्स घेतली आणि मग त्यांना हात दिला. साहेब वर आले. पँटमधून चिखल गळत होता.

"साप होता तिथे," ते म्हणाले.

"हा. सकालपासून हाय," गाईडबाई म्हणाली. "काल पण होता. तीन दिवस झाले तो तितंच बसलाय, बेडकासाठी."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"ता माजा कामच हाय. तुमची जागा लांब होती. मंग तुमी रागावून तिकडे सरकलात. मी काठी धरून बसली होती. तुमी हालला नसता तर त्याने काय केला नसता. आणि सांगितला असता तर तुमी असाच केला असता," असं म्हणून तिने फाटलेल्या जाळीकडे बोट दाखवलं.

साहेब सासूबाईंकडे वळले. बहुधा निदान एका तरी वयस्कर माणसाने आपल्याला सहानुभूती द्यावी म्हणून. "आई, बघितलंत?"

"बघितला तर. मी बसली तेवाच बघितला," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "आता मला सगळा दिसते. त्याचे खवले पण मोजून देते."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तीच म्हणाली ना, बोलाचा नाय म्हणून."

मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. "आणि मॅडम, तुम्ही?"

"आत्ताच, सर," मी म्हटलं. "दिसला तसा सांगितला."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. परतताना गाईडबाईने त्यांना आपल्या ठिकाणावरून पदर भरून शेवळं काढून दिली. गाडीत त्या साहेबांना शेवळांचं कालवण कसं करायचं ते सांगत राहिल्या आणि साहेब ओल्या पँटमध्ये बसून "हो का, हो का" म्हणत राहिले. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या,

"तीनदा वाजला तुजा तो. टक्, टक्, आणि मंग टक्. मी मागेच होती."

मी म्हटलं, "आई, फोटो चांगला येणार होता."

"आला का?"

दाखवला. त्यांनी कॅमेरा डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "आला हाय," म्हणाल्या. "सांगू नकोस पण कोणाला."

एवढा शहाणपणाचा सल्ला मला लग्नानंतर कोणी दिला नसेल, आणि मी तो एक दिवस पाळला. मंगळवारी क्लबाच्या ग्रुपवर सगळे विचारायला लागले, काय मिळालं, काय मिळालं. साहेबांनी वासराचा फोटो टाकला नाही, खंड्याचा रेघेसकट टाकला. आणि मला राहवलं नाही. मी तिसरा फोटो टाकला. साप असा की खवलान् खवला मोजावा, आणि मागे धूसर, निवांत, नाक वळवलेले साहेब. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. ताप आलेला, काका आजारी असलेला, सगळे जागे झाले. "मॅडम, काय फ्रेम आहे!" मी हवेत. त्या फोटोने काय सिद्ध होतं ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांच्या आलं. दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर माझा फोटो मोठा करून लावला होता.

"मॅडम, यात मी शांत दिसतोय."

"हो, सर."

"म्हणजे मला अजून माहीत नाही."

"हो, सर."

"आणि तुम्ही तर नाक चौकटीत घेतलंय."

मी उभीच होते. मग मी सांगून टाकलं. तीन काढले, सर. तिसऱ्यासाठी थांबले. माशीला तुम्ही घरची म्हणाला होतात, तेही सांगितलं, का ते माहीत नाही.

साहेबांनी ड्रॉवर उघडला, एक फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला. आमच्या कंपनीत अपघात होता होता वाचला तरी एक फॉर्म भरावा लागतो. त्याला आम्ही सगळे 'नीअर मिस' म्हणतो. कोणी घसरलं पण पडलं नाही, नट वरून पडला पण डोक्यात नाही, तरी भरायचा. मला वाटलं चेष्टा करताहेत. चेहरा चेष्टेचा नव्हता.

"सर, हे कंपनीच्या बाहेर झालं."

"क्लब कंपनीचा आहे. भरा."

भरला. 'धोका लक्षात आल्यावर किती वेळात कळवले?' या रकान्यापाशी पेन थांबलं. शेवटी लिहिलं, 'तीन फोटोंनंतर.' साहेबांनी वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"बसा," म्हणाले. मग खिडकीकडे बघत बोलायला लागले. "माझी पहिली नोकरी. इथली नाही, लांबच्या गावी. मी ट्रेनी. तासातासाला गेजवरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि रकाना रिकामा दिसला की सीनियर चारचौघांत फाडून खायचा. एक दिवस सकाळी मी गेजसमोर गेलो आणि काटा नको तिथे होता. मला कळलं, मॅडम. लगेच कळलं. आणि मी आधी रजिस्टर उघडलं, वेळ लिहिली, रीडिंग लिहिलं, सही केली. मग ओरडलो. पंधरा-वीस सेकंद असतील. खाली एक ऑपरेटर उभा होता. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला."

मी पेनाला टोपण लावलं.

"सगळे म्हणाले, पोराने वेळेत ओरडून वाचवलं. मला शाबासकी मिळाली." ते माझ्याकडे वळले. "म्हणून फॉर्म भरायला लावला. तुम्हाला शिक्षा म्हणून नाही. मला त्या वेळी कोणी भरायला लावला नाही."

"त्या माणसाला सांगितलंत कधी?"

"नाही."

फॉर्म पुढे सेफ्टी ऑफिसरकडे गेला. हा माणूस विनोद या प्रकाराला कामाच्या वेळेत परवानगी देत नाही. त्याने रीतसर चौकशी केली. प्रत्येक कारणाच्या मागचं कारण शोधायची आमच्याकडे पद्धत आहे. साप का होता? जंगल होतं म्हणून. जंगलात का गेले? फोटोसाठी. सांगायला उशीर का झाला? फोटोसाठी. हे सगळं त्याने टाईप केलं. आणि महिन्याभरात माझा फोटो मोठा छापून गेटवर लागला, साहेबांच्या चेहऱ्यासकट. खाली लिहिलेलं: 'धोका दिसताच आधी सांगा.' साहेबांनी परवानगी दिली होती. आमचा गेटवरचा वॉचमन रोज मला थांबवायचा. "मॅडमजी, ये साँप अपने प्लांट का है क्या?" नाही रे बाबा, म्हणायचे. "तो साहब वहाँ क्या कर रहे थे?"

दिवाळीच्या सुट्टीत साहेब चार दिवस कुठेतरी गेले. परत आल्यावर एकदा कँटीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसले. मोबाईल काढला नाही. वरण कालवलं.

"सापडला तो," म्हणाले.

"कोण, सर?"

"ऑपरेटर. त्याच गावात आहे. पिठाची गिरणी आहे त्याची." त्यांनी भात तोंडात घातला, गिळला. "त्याला मी आठवतच नाही, मॅडम. नाव सांगितलं, कंपनी सांगितली, साल सांगितलं. असेल असेल, म्हणाला. मी सगळं सांगितलं, रजिस्टर, सही, सगळं. गिरणी चालू होती, त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. मग त्याने पट्टा बंद केला, चहा मागवला. मुलं काय करतात विचारलं."

"आणि हात?"

साहेबांनी मान हलवली. "फुल बाह्यांचा शर्ट घातला होता त्याने. पिठाने सगळा पांढरा. दाखव म्हणायची माझी हिंमत झाली नाही."